बेनं आणि पाणी

जलपर्णीचं एक रोप मी तीन आठवडे घरी टबात ठेवलं होतं. घरच्यांना ते आवडलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. नदी-नाले गिळत सुटलेली ही वनस्पती हौसेनं घरात कोण आणतं? पण मला एका गोष्टीची खात्री करून घ्यायची होती. पवनारला धाम नदीच्या काठानं फिरताना जलपर्णी मला दोन रूपांत दिसायची. मोकळ्या पाण्यावर सुटी तरंगणारी रोपं बुटकी, प्रत्येक देठ मध्ये लिंबासारखा फुगलेला. नाल्याच्या तोंडाशी, जिथे रोपाला रोप खेटलेलं, तिथे मात्र देठ हातभर उंच, सडसडीत, फुग्याचा मागमूस नाही. या दोन वेगळ्या जाती असाव्यात असंच मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

टबात आणलं ते दाटीतलं उंच रोप. जुनी पानं होती तशीच राहिली. पण मधून जी नवी पानं निघाली, ती बुटकी आणि देठाला फुगा आलेली. एकाच रोपावर दोन्ही रूपं! दाटीत उजेडासाठी उंच व्हावं लागतं, मोकळ्यावर तरंगत राहण्यासाठी हवा भरलेला देठ कामी येतो, एवढाच तो मामला.

माझी चूक मात्र एकट्याची नव्हती. लिनियसनं १७५३ मध्ये वनस्पतींची नावनिशी केली, तेव्हा प्रत्येक जातीचा एक ठरीव नमुना असतो आणि त्यापासूनचे फरक म्हणजे माती-हवेनं केलेली किरकोळ चाळवाचाळव, अशीच धारणा होती. गंमत अशी की या धारणेला पहिला मोठा धक्का देताना पुढे आली तीही पाणवनस्पतीच. लामार्कनं १८०९ मध्ये युरोपातल्या तळ्यांतली एक पांढऱ्या फुलांची वनस्पती दाखवली. तिची पाण्याखालची पानं दोऱ्यांसारखी चिरलेली, पाण्यावरची रुंद. तीच वनस्पती ओल्या मातीत वाढली तर दोरे येतच नाहीत. आपल्याकडच्या तळ्यांतल्या आंबुलीची एक जात हाच खेळ करते. लामार्कनं यातून काढलेलं अनुमान, की परिसरानं घडवलेलं रूप पुढच्या पिढीत उतरतं, टिकलं नाही. पण निरीक्षण पक्कं होतं, आणि लामार्कला हसताना लोक तेही विसरले असं मला वाटतं.

पन्नास वर्षांनी डार्विननं सगळा डावच उलटवला. फरक हा त्याच्या लेखी नमुन्याचा बिघाड उरला नाही. नवी जात घडते ती त्याच भांडवलावर. मात्र कोणता फरक पुढे उतरतो आणि कोणता उतरत नाही, हे त्यालाही नीट सांगता आलं नाही.

इथे मला वर्ध्याच्या बाजारातली शिंगाडेवाली मावशी आठवते. दिवाळीनंतर उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसायची. एकदा तिच्याकडे दोन ढीग होते, एक काटेवाल्यांचा, एक बिनकाट्यांचा. मी विचारलं, हे दोन वेगळ्या तळ्यांतले का? "नाही जी, तळं एकच. याचं बेनंच अलग हाये." मग बिनकाट्यांतलेच काही लहान, काही टपोरे कसे? "ते पाण्याचं हाये ना."

बेनं म्हणजे बियाणं. काटा बेन्याचा, टपोरेपणा पाण्याचा. शिंगाडा लावणाऱ्या ढिवर-भोयांना दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेच लागतात, कारण पुढच्या हंगामाचं बियाणं त्यांनाच राखायचं असतं. टपोरा म्हणून काटेवाला राखला तर पुढच्या साली बोटं त्यांचीच सोलवटणार. वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र याच फळानं फार छळलं. लिनियसच्या शिंगाड्याला चार शिंगं. रॉक्सबर्गनं भारतातल्या दोन शिंगांच्या शिंगाड्याला वेगळ्या जातीचं नाव दिलं. पुढे कुणी शिंगांचा आकार-प्रकार मोजून जातींचे ढीग लावले, तर कुणी ते सगळे मोडून एकच बहुरूपी जात मानली.

मावशीचे दोन हिशेब शास्त्रात वेगळे झाले ते विसाव्या शतकाच्या तोंडाशी, आणि तेही घेवड्याच्या दाण्यांवर. डेन्मार्कच्या योहानसेननं एकाच दाण्यापासून वाढवलेल्या वाणातले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान दाणे निवडून पेरले. दोन्हींच्या पिकात दाण्यांची सरासरी सारखीच आली. वाण शुद्ध असेल तर त्याच्या आतला फरक पाण्याचा, बेन्याचा नव्हे. १९०९ मध्ये त्यानं बेन्याला आणि दिसणाऱ्या रूपाला वेगळी नावं दिली: जीनोटाइप आणि फीनोटाइप. त्याच वर्षी जर्मनीच्या वोल्टेरेकनं पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांवर काम करून पुढचं पाऊल टाकलं. त्यानं दाखवलं की खाद्य बदललं की रूप बदलतं, पण किती आणि कसं बदलायचं हे प्रत्येक वाणाचं स्वतःचं असतं. म्हणजे पाण्याला उत्तर कसं द्यायचं, हेही बेन्यातच असतं. मावशीच्या हिशेबात हे नव्हतं. निदान तिनं मला सांगितलं नाही.

स्वीडनच्या टूरेसननं १९२२ च्या सुमारास समुद्रकाठची आणि आतल्या मुलखातली एकाच जातीची रोपं एका बागेत लावली. काही फरक विरले, काही टिकले. टिकले ते बेन्याचे. माझ्या टबाची युक्ती तीच, मी फक्त शंभर वर्षं उशिरा पोचलो.

तरी पाण्यानं होणारा फरक बराच काळ अडचणच समजला गेला. शेतीत तर एकसारखेपणालाच भाव. हिंगणघाटच्या नावानं एकेकाळी कापूस दूरवर ओळखला जायचा. असं नाव टिकायचं तर प्रत्येक गाठीतला धागा सारखा हवा. व्यापाऱ्याला झाडाचा स्वभाव कशाला हवा असेल? पण पाण्याप्रमाणे रूप बदलण्याची ही लवचीकता स्वतःच निसर्गाच्या निवडीतून घडलेला गुण असू शकतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रॅडशॉनं १९६५ मध्ये ठामपणे मांडलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं अभ्यासक एका जातीला एक सरासरी आकडा देऊन मोकळे होत. २०१५ मध्ये जगभरच्या वनस्पतींची मापं एकत्र तपासली गेली, तेव्हा एका ठिकाणच्या वनस्पतींत दिसणाऱ्या एकूण फरकाचा सुमारे एक चतुर्थांश भाग एकाच जातीच्या आतला निघाला.

जलपर्णी या सगळ्या प्रकरणाचं टोक आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. तिथे तिच्या फुलांचे तीन प्रकार आढळतात, लांब, मध्यम आणि आखूड कुक्षीवृंताचे. बाहेर पसरली ती मुख्यतः धुमाऱ्यांनी, बियांशिवाय. २०१० मध्ये तिच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. मायदेशाबाहेर, खंडोखंडी, बहुतेक ठिकाणी एकच क्लोन पसरलेला आढळला, म्हणजे जणू एकच रोप. बेन्यात फरक जवळपास नाहीच. मग तिथल्या उंच-बुटक्या रूपांचा खुलासा पाण्यातच शोधावा लागतो.

तीन आठवड्यांनी मी ते रोप उन्हात वाळवायला काढलं. पाण्यात परत सोडायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मुळांकडे लक्ष गेलं. नाल्यातून आणलं तेव्हा ती बोटभर होती. सांडपाण्यात फॉस्फरस भरपूर, मुळं लांबवायची गरजच नाही. आता काळसर पिसांचा झुपका टबाच्या तळाला टेकला होता.

"अहो, एवढी मुळं कशाला हिला?" बायकोनं विचारलं.

"नळाच्या पाण्यात खायला मिळेना," मी म्हटलं, "म्हणून शोधत होती."