जाळीपलीकडचे सणवार

शहरात ‘लिटल फ्लॉवर’ म्हटलं की शाळाच डोळ्यांपुढे येते. ‘मुलगी लिटल फ्लॉवरला आहे’ असं सांगणाऱ्या पालकांना हे इवलंसं फूल नेमकं कोण, हा प्रश्न सहसा पडत नाही. जालना रोडवरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेचंही तेच. ‘एसएफएस’ या तीन अक्षरांत त्या माणसाचं नाव केव्हाच विरघळून गेलं आहे. पण छत्रपती संभाजीनगरातल्या या दोन पाट्यांचा माग काढत गेलं, तर दोन्ही वाटा एका उंच भिंतीपाशी येऊन थांबतात. त्या भिंतीआड गेलेल्या बाया पुन्हा बाहेर येत नसत.

फूल म्हणजे तेरेज मार्टिन, फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातली मुलगी. 1888 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती लिज्यू गावच्या, कार्मेलाइट पंथाच्या बंदिस्त मठात दाखल झाली आणि 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने तिथेच गेली. मधल्या नऊ वर्षांत तिने मठाचा उंबरा ओलांडला नाही. स्वतःला ती देवाच्या बागेतलं छोटं फूल म्हणवायची, म्हणून हे नाव. फ्रान्सिस डी सेल्स हे जिनिव्हाचे बिशप. जेन द शांताल या विधवा बाईंच्या सोबतीने त्यांनी 1610 मध्ये आनसी गावात स्त्रियांचा एक संघ काढला. बायांनी प्रार्थना करावी आणि गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं हवं-नको पाहावं, असा साधा बेत होता. लियाँच्या आर्चबिशपना तो काही पचला नाही. व्रतस्थ बाई रस्त्याने हिंडणार? 1618 मध्ये संघाचा रीतसर मठ झाला आणि दार लागलं. पुढे 1838 मध्ये त्याच आनसीत सेल्स यांच्या नावाने एक मिशनरी संघ निघाला. त्याचे पाद्री मराठवाड्यात आले, आणि ते नाव इथल्या शाळेला नि कॅथेड्रलला मिळालं.

मराठीत ‘नन’ हा एकच शब्द दोन निराळ्या जगण्यांवर घातला जातो. शाळेत फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या किंवा दवाखान्यात ड्यूटी करणाऱ्या सिस्टर वेगळ्या आणि बंदिस्त मठातल्या, जाळीआडच्या वेगळ्या. पोप बोनिफेस आठवे यांनी 1298 मध्ये सगळ्या नन बंदिस्त असाव्यात असा हुकूम काढला. तो कागदावरच राहतोय असं दिसल्यावर 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्याला पुन्हा धार लावली. त्यातून पळवाट काढली ती व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईज द मारिलाक यांनी, 1633 मध्ये. आपल्या सेविकांना त्यांनी नन म्हणवूच दिलं नाही. व्रतंही वर्षापुरती, दरवर्षी नव्याने घ्यायची. कायद्याने नन नाही, म्हणजे भिंतही नाही! आज शहरात दिसणाऱ्या सिस्टर या पळवाटेच्या वारसदार.

मराठी मनाला जाळीआडचं जगणं उमजायला जड जातं, त्याला कारण आहे. इथला विरक्त माणूस चालतो. महानुभावांचे साधू-साध्वी गावोगाव भिक्षा मागत फिरले, वारकरी पंढरीची वाट तुडवतो, जैन साध्वी अनवाणी विहार करतात आणि पावसाळ्याचे चार महिने काय त्या एका जागी थांबतात. शहराच्या उशाला असलेल्या औरंगाबाद लेण्यांतल्या खोल्या किंवा अजिंठ्याचे विहार यांच्यामागेही बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासाचीच रीत आहे. पावसाळ्यापुरतं ठीक. पण सबंध जन्म एका आवारात? आपल्याकडे याला तपश्चर्येपेक्षा शिक्षा म्हणायची सवय जास्त.

आत चालतं काय? पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवसातून सात वेळा घंटा होते आणि प्रार्थनेला जमायचं असतं. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ सगळी आजच्या पद्धतीप्रमाणे चार आठवड्यांत फिरून येतात. कार्मेलाइटांकडे त्याखेरीज दोन तास मौन ध्यान. आव्हिलाच्या तेरेसा या कार्मेलाइट ननने 1562 मध्ये स्पेनमध्ये आपला पहिला सुधारित मठ काढला, तेव्हा संख्या तेराच ठेवली होती, पुढे ती एकवीसवर गेली. बायका थोड्या असल्या की घर राहतं, जास्त झाल्या की धर्मशाळा होते, हा तिचा अनुभवाचा हिशेब. सगळ्यांनी एकत्र बसून काम करायची खोली तिने मुद्दाम ठेवली नाही, कारण तिथे गप्पा रंगतात. पण दिवसातून दोनदा गप्पांची हक्काची वेळ मात्र नेमून दिली. त्या वेळी हातात शिवण असायचं आणि तोंड मोकळं. सुतकी चेहऱ्याच्या साधुत्वाचा तिला तिटकारा होता.

बाहेरच्या जगाशी व्यवहार होतो तो एका लाकडी पिंपातून. भिंतीत उभं बसवलेलं, आसाभोवती फिरणारं, एका अंगाने उघडं पिंप. बाहेरच्याने त्यात भाजी, औषध, पत्र ठेवायचं आणि घंटी वाजवायची. आतून कुणीतरी ते फिरवतं. पिंप परत फिरून येतं तेव्हा त्यात बहुधा एक पुडकं असतं: पवित्र मिस्साच्या उपासनेसाठी लागणाऱ्या भाकरीचं. जगभरातले अनेक मठ या कामावर घर चालवतात. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. चर्चच्या कायद्याने तिसरं काही चालत नाही. पातळ कालवलेलं पीठ दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबलं की पापडाहून पातळ पोळी निघते. ती लगेच कापायला घेतली तर तडकते. म्हणून आधी दमट हवेत ठेवून नरम करायची आणि मग गोल टिकल्या पाडायच्या. रविवारी मिस्साला जिभेवर येणाऱ्या त्या टिकलीला कुणाचे हात लागलेत, हे घेणाऱ्याला माहीत नसतं.

स्पेनमध्ये या पिंपात अंडीही येतात. लग्नाच्या दिवशी पाऊस नको म्हणून वधूकडचे लोक संत क्लाराच्या नन्सना अंडी नेऊन देतात. ‘क्लारा’ म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि ‘क्लारो’ म्हणजे निरभ्र, असा हा शब्दांचा खेळ. फिलिपिन्समध्येही ही प्रथा पोचली आहे. या क्लाराबाईंचं आणखी एक नवल: आजारपणात तिला म्हणे खोलीच्या भिंतीवर दूरची नाताळची उपासना दिसली. तेवढ्या आधारावर 1958 मध्ये पोपनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती ठरवलं.

लिज्यूच्या चार भिंतींत पंचवीसेक बायका, रोज त्याच. यातला खरा उपास अन्नाचा नसतो. तेरेजने स्वतःच लिहून ठेवलंय: ध्यानाच्या वेळी मागे बसणाऱ्या एका सिस्टरची सतत चालणारी खुडखुड तिला घाम फोडायची, आणि धुण्याच्या दगडावर समोरची सिस्टर मळक्या पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडवायची. चाळीतल्या नळावर ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना ही पानं वाचायला कुठला धर्म आड येणार नाही.

अशा एकसारख्या दिवसांत सण फार मोठा होतो. कार्मेलाइटांचा मोठा उपास 14 सप्टेंबरला सुरू होऊन थेट ईस्टरपर्यंत चालतो, म्हणजे चातुर्मासाहून लांब. त्यात नाताळ येतो आणि जेवणाच्या वेळचं मौन सुटतं. फर्मान एवढंच की आज पंक्तीत बोलायला हरकत नाही. 28 डिसेंबरला, बायबलमधल्या हेरोद राजाने मारलेल्या बाळांच्या स्मृतिदिनी, अनेक मठांत घराची उलटापालट होते: सगळ्यांत धाकटी सिस्टर मठप्रमुख मदरच्या खुर्चीत बसते आणि दिवसभर हुकूम सोडते. व्रताला पन्नास वर्षं झालेल्या आजीच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवतात.

मदरचा नामदिन तर स्नेहसंमेलनच. लिज्यूच्या मठात त्यासाठी, शिवाय इतर सणांनाही, नाटकं व्हायची आणि तेरेजने अशी आठ नाटुकली लिहिली. 21 जानेवारी 1895 ला तिने स्वतः जोन ऑफ आर्कचं काम केलं. चितेचा देखावा म्हणून स्पिरिटचे दिवे ठेवले होते, त्यांच्यामुळे पडद्याने पेट घेतला. हलू नकोस, असं सांगितल्यावर ती जागची हलली नाही आणि बाकीच्यांनी धावपळ करून आग विझवली. त्या भूमिकेतले तिचे फोटोही आहेत. तिची बहीण सेलीन मठात शिरताना कॅमेरा घेऊन आली होती.

हे सगळं गोड-गोड नव्हतं. त्याच मठात 1896 मध्ये मदर निवडायला सात वेळा मतदान घ्यावं लागलं. घरातल्या दोघी बहिणींना आधीच मताधिकार असल्यामुळे नियमानुसार तेरेजला मत नव्हतं, ते शेवटपर्यंत मिळालं नाही. तरी गुप्त मतदानाने तीन-तीन वर्षांसाठी प्रमुख निवडणाऱ्या बायका फ्रान्समध्ये त्या काळी मठाबाहेर सहसा सापडत नाहीत. बाहेरच्या फ्रेंच बायकांना मत मिळायला 1944 साल उजाडलं.

मराठी मुलखाच्या जवळची अशी एक भिंत जुन्या गोव्यात आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी 1606 मध्ये सांता मोनिका मठाची स्थापना केली. फिलिपा फेरैरा ही विधवा आणि तिची मुलगी या पहिल्या रहिवाशांत होत्या. जांभ्या दगडाची तीन मजली इमारत 1627 मध्ये पुरी झाली, 1636 मध्ये जळाली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. शंभर नन्सची सोय, आणि त्यांच्या दिमतीला नोकर-दासींचा राबता. पूर्ण नन झाल्याचा काळा बुरखा मिळायचा तो मुख्यतः पोर्तुगीज आणि मिश्र घराण्यांतल्या, हुंडा आणणाऱ्या मुलींना. गोव्याच्या नगरसभेची तक्रारही याच हुंड्यांवरून होती: लग्नाच्या मुली आणि त्यांच्या इस्टेटी मठ गिळतोय. मठानेही माघार घेतली नाही.

‘बेबिंका’ याच मठात जन्मली, असं गोव्यात सांगतात. सिस्टर बेबियानाने सात थरांची केली, पाद्र्यांना ती लहान वाटली, मग थर वाढले. दंतकथा असेल, पण कृती मठालाच शोभणारी आहे. नारळाचं दूध, अंड्याचा पिवळा बलक, साखर, तूप. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची धग देऊन तो लालसर होऊ द्यायचा, तूप सोडायचं, मगच पुढचा. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात आणि सगळं फसतं. ज्यांना कुठे जायचं नाही, त्यांनाच अशी मिठाई सुचावी. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं.

सांता मोनिकाची इमारत पुरी झाली 1627 मध्ये. पुढच्याच वर्षी, 1628 मध्ये, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीत संत बहिणाबाई जन्मल्या. लहानपणीच तिशीच्या बिजवराशी लग्न लागलं. तुकोबांचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, आणि संसार न सोडता अभंगांत स्वतःची कहाणी सांगून 1700 मध्ये त्या गेल्या. त्याच शतकात व्हेनिसमध्ये आर्कान्जेला ताराबोत्ती ही नन मठाच्या खोलीत बसून बापांवर पुस्तक लिहीत होती: पोरींच्या लग्नाचा खर्च वाचवायला तुम्ही त्यांना इथे आणून कोंडता. तिलाही असंच लहानपणी आणून सोडलं होतं. ते पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, 1654 मध्ये छापलं गेलं.

या दोघींना शेजारी ठेवलं की ‘मठ म्हणजे कोंडवाडा’ आणि ‘मठ म्हणजे मुक्ती’ ही दोन्ही ठरलेली वाक्यं लंगडी पडतात. बहिणाबाईंना चार तास स्वतःचे मिळाले असते तर हवेच होते. ताराबोत्तीला तेच नकोसे झाले. आनसीच्या बायांवर भिंत लादली गेली, तेरेजने तीच भिंत मिळावी म्हणून चौदाव्या वर्षी थेट पोपपुढे गुडघे टेकून हट्ट धरला. तेव्हा विचारायचं ते भिंतीच्या उंचीबद्दल नाही, तर आत जाणारीला ‘नाही’ म्हणता येत होतं का, याबद्दल. चर्चलाही हे उशिरा का होईना कळलेलं दिसतं. 2018 च्या नियमांनुसार बंदिस्त मठात कायमचं व्रत घेण्याआधी किमान नऊ वर्षांची तयारी लागते, म्हणजे नको वाटलं तर परत फिरायला तेवढा अवधी. 1870 मध्ये मंगळूरला पहिला कार्मेलाइट मठ काढायला फ्रान्सहून निघालेल्या नन्सपैकी काही जणी तर बोटीच्या प्रवासातच दगावल्या होत्या. त्यांना परतीची वाट कोण ठेवणार होतं?

जुन्या गोव्याला जाणारे मराठी प्रवासी बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरचं शव पाहतात, फोटो काढतात आणि मंगेशीच्या वाटेला लागतात. 1927 मध्ये पोपनी मिशनकार्याच्या आश्रयस्थानी याच झेवियरच्या जोडीला दुसरं नाव बसवलं, ते तेरेजचं: एकजण जपानपर्यंत गेलेला, दुसरी मठात शिरल्यावर अंगणापलीकडे न गेलेली. बॉम जेझूहून सांता मोनिका चालत जाण्याइतकं जवळ आहे, ते चुकवू नये. घरी परतल्यावर एखादा रविवार काढून वैजापूर तालुक्यातलं शिऊरही पाहावं. बहिणाबाईंची समाधी तिथे आहे. सांता मोनिकातली शेवटची नन 1885 मध्ये वारली; पोर्तुगीज सरकारने नव्या मुली घ्यायला आधीच बंदी केली होती. 2002 पासून त्या आवारात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिकीट काढलं की कुणालाही आत जाता येतं आणि हवं तेव्हा बाहेरही पडता येतं.