धारिणी राणीची अडचण

रामटेकला कालिदासाचे नाव निघाले की ‘मेघदूत’ आलेच. वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजेच रामटेक असे साधार मांडले, टेकडीवर स्मारक झाले, पायथ्याला त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ उभे राहिले. यक्षाच्या विरहाने आमच्या गावाला ओळख दिली, तक्रार नाही. पण कालिदासाचे जे नाटक वैदर्भीयांनी खरे तर उशाशी ठेवायला हवे, ते ‘मालविकाग्निमित्र’ मात्र मागे पडले. त्याची नायिका विदर्भाची राजकन्या. शेवटी विदर्भाची वाटणीही त्यातच होते आणि वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी, दोन राज्यांची सीमा ठरते. आणि पुढे असलेल्या सत्ताधाऱ्याने जाहीर वादाला उभे राहावे की नाही, या प्रश्नावर त्याच्या पहिल्या दोन अंकांइतके चतुर काही माझ्या वाचनात नाही. अमेरिकेतल्या सल्लागारांची पुस्तके धरूनही.

प्रसंग असा. अग्निमित्र राजाने चित्रात मालविका पाहिली आणि तो भाळला. पट्टराणी धारिणीच्या ते ध्यानात आले, म्हणून तिने मालविकेला राजाच्या नजरेआड ठेवले आहे. डाव राणीच्या हातात आहे, तिला काहीच करायचे नाही, फक्त दिवस जाऊ द्यायचे आहेत. राजाचा विदूषक गौतम मग एक कळ लावतो. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असे भांडण तो पेटवतो. गणदास राणीच्या पदरी, मालविका त्याची शिष्या. निवाडा करायचा तर शिष्यांचे नृत्य पाहायला हवे, आणि नृत्य पाहायचे म्हणजे मालविका राजासमोर आली.

राणीला डाव लगेच कळतो. हे भांडण मला मुळीच आवडत नाही, असे ती म्हणते. मुलगी अजून नवशिकी आहे, असेही सुचवते. राजकारभारात इतकी हुशारी दाखवली असती तर बरे झाले असते, असा टोमणा नवऱ्याला मारते. पण विदूषक तिच्याशी वाद घालतच नाही. तो गणदासाला डिवचतो: सरस्वतीच्या नैवेद्याचे मोदक आयते मिळतात, वादात पडून हरायची हौस कशाला? गणदास पेटतो आणि जे बोलतो त्याचा आशय असा, की आपल्याला पद मिळालेच आहे म्हणून जो वादाला भितो, लोकांची निंदा निमूट गिळतो आणि विद्या फक्त पोटासाठी वापरतो, तो विद्वान नव्हे, ज्ञानाचा दुकानदार. झाले. आता माघार घेतली तर राणीच्याच आचार्याची बेअब्रू होते. सामना होतो.

कालिदासाचा खरा बेरकीपणा पुढे आहे. गणदास वयाने वडील म्हणून त्याची शिष्या आधी. मालविका गाते, नाचते, राजा पाहतो, परीक्षक कौशिकी नृत्याला निर्दोष ठरवते. हरदत्ताची पाळी यायच्या आत भाट दुपार झाल्याची ललकारी देतो, विदूषकाला जेवणाची आठवण होते आणि दुसरा प्रयोग उद्यावर जातो. श्रेष्ठ कोण, हे ठरतच नाही. ते ठरवण्यासाठी वाद मांडलाच नव्हता. झाकलेले दिसावे, एवढ्यासाठी होता.

धारिणीचे गणित चुकीचे नव्हते. प्रत्येक आघाडीवरचा उमेदवार तेच मांडतो. समोरासमोर उभे राहिले की दोघे एका उंचीचे दिसू लागतात. मागे असलेल्याला तेवढेच हवे असते, पुढे असलेल्याला तेवढेच नको असते. त्याला वाद जिंकून मिळणारे मत बहुधा आधीच मिळालेले असते, हरला तर मात्र जाते. आपल्याकडे स. का. पाटलांचा दाखला आहे. 1967 साली दक्षिण मुंबईत ते इतके निर्धास्त होते, की मला देवही हरवू शकणार नाही, अशा अर्थाचे बोलून गेले. जॉर्ज फर्नांडिसांच्या माणसांनी ते वाक्य उचलले, देवाला जमणार नसेल पण तुम्हाला जमेल, असा प्रचार मतदारांत केला, आणि मुंबईचा अनभिषिक्त राजा घरी बसला. तिथे वादसभाही नव्हती, नुसते एक वाक्य होते. पुढे असलेल्या माणसाला गप्प बसवण्यासाठी सल्लागाराला दुसरे उदाहरण लागू नये.

अमेरिकेत हे सारे उघड्यावर चालते. 26 सप्टेंबर 1960 ला केनेडी आणि निक्सन दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर 16 वर्षे अध्यक्षपदाची एकही वादसभा झाली नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. 1964 ला जॉन्सन पुढे होते. सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याचा जो नियम 1960 मध्ये बाजूला ठेवला होता, तो या वेळी सिनेटने बाजूला ठेवू दिला नाही. कायद्याच्या आडोशाला अध्यक्ष सुखरूप राहिले. 1972 ला निक्सन पुढे होते, त्यांनीही नाही म्हटले, आणि दोघेही प्रचंड मतांनी आले. ही प्रथा पुन्हा सुरू झाली ती 1976 मध्ये, कारण त्या वेळी पदावर असलेले फोर्ड खूप मागे होते आणि त्यांनी स्वतःच कार्टरना आव्हान दिले. लोकशाहीचा साक्षात्कार वगैरे कोणाला झाला नव्हता. खुर्चीवरचा माणूस पहिल्यांदाच अडचणीत होता, इतकेच.

त्या वर्षीचा फिलाडेल्फियातला पहिला सामना मला फार आवडतो. ऐन रंगात ध्वनियंत्रणा बंद पडली आणि तब्बल 27 मिनिटे आवाज नव्हता. दोन्ही उमेदवार आपापल्या मेजामागे उभेच. एकमेकांशी शब्द नाही. बसावे तर थकलेला दिसेन, बोलावे तर नमते घेतल्यासारखे दिसेल. जगातल्या सर्वांत बलाढ्य पदाचे दोन दावेदार, मास्तर वर्गाबाहेर गेल्यावरही बाकावर उभी राहिलेली पोरे वाटावीत असे, आणि कोट्यवधी लोक ते बघताहेत.

पदावर असलेला माणूस अशा ठिकाणी, विशेषतः पहिल्या फेरीत, का अडखळतो? रेगन 1984 मध्ये लुईव्हिलला चाचपडले. दुसऱ्या फेरीत, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा नि अननुभवाचा मी फायदा घेणार नाही, असा विनोद करून त्यांनी वयाचा प्रश्न उडवून लावला आणि 49 राज्ये जिंकली. बुश 2004 च्या पहिल्या सामन्यात कपाळाला आठ्या घालून उभे होते. ओबामा 2012 मध्ये डेन्व्हरला इतके निस्तेज होते की त्यांचेच लोक हादरले. हे तिघेही बोलण्यात कच्चे नव्हते. पण चार वर्षे त्यांच्या तोंडावर ‘हे खरे नाही’ असे कोणी म्हटलेले नव्हते. सल्लागार येतात ते फाईल घेऊन, पत्रकार येतात ते वेळ ठरवून. सवय मोडते. आपल्याकडे साहेबांच्या भोवती जमलेला गोतावळा पाहिला की ही सवय आपल्या नेत्यांची किती मोडली असेल, याचा अंदाज येतो. आमदारकीपासूनच सुरुवात होते. कार्यकर्ता ‘भाऊ’ म्हणतो, अधिकारी ‘सर’ म्हणतो, आणि खोटे बोलतोस असे म्हणणारा घरातसुद्धा उरत नाही.

आता रामटेक. हा लोकसभा मतदारसंघ काटोलच्या संत्र्यांपासून उमरेडच्या कोळसा खाणींपर्यंत पसरलेला आहे. सावनेर, हिंगणा आणि कामठीही त्यातच. 2024 ची निवडणूक आठवा. मावळते खासदार कृपाल तुमाने यांना उमेदवारीच मिळाली नाही. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज जातवैधता प्रमाणपत्राच्या वादात बाद झाला आणि त्यांचे पती श्यामकुमार उभे राहिले. समोर राजू पारवे, जे काही दिवसांपूर्वीपर्यंत काँग्रेसचे आमदार होते. 10 एप्रिलला कन्हानला पंतप्रधानांची सभा झाली, 19 ला मतदान. बर्वे निवडून आले. दोन्ही उमेदवार इतके ऐनवेळचे, की मतदाराने त्यांना एकदा तरी शेजारी शेजारी बसलेले पाहणे गरजेचे होते. पाच वर्षांच्या कामाचा हिशेब ज्यांना विचारायचा, ते मतपत्रिकेवरच नव्हते. भोंग्याच्या गाड्या फिरल्या, कॉर्नर सभा झाल्या, आणि ‘खुले आव्हान’ नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात एकाने दिले आणि दुसऱ्याने वाचले. चहाच्या टपरीवर विचाराल तर उत्तर तयार असते: ‘निवडून येऊनच रायला भाऊ, तं काहून बोलन?’

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपली पद्धत संसदीय आहे, इथे एका माणसाची निवड नसते, वादविवाद सभागृहात होतो. शिवाय अशा सामन्यात वाक्पटू माणूस बाजी मारतो आणि काम करणारा मागे पडतो. रामटेकच्या तोंडावर हा आक्षेप शोभतोही, कारण आमचे सर्वांत थोर खासदार पी. व्ही. नरसिंह राव. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये नि नागपुरात शिकलेले, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे. 1984 मध्ये ते दोन ठिकाणी उभे होते. हणमकोंड्याला त्यांना भाजपच्या चंदुपटला जंगा रेड्डींनी पाडले. त्या निवडणुकीत भाजपला देशभरात मिळालेल्या दोन जागांपैकी ती एक. रामटेकने मात्र त्यांना निवडले आणि 1989 मध्ये पुन्हा निवडले. इतक्या भाषा येणारा आणि इतके कमी बोलणारा दुसरा पंतप्रधान झाला नाही. वादसभेत ते मैदानी वक्त्यापुढे टिकले नसते, असे म्हणता येईल. पण 1993 च्या जुलैत अविश्वास ठरावावर त्यांच्या सरकारला 265 विरुद्ध 251 मतांनी तरून जावे लागले, आणि ती मते कशी जमली याचा खटला पुढे कित्येक वर्षे चालला. सभागृहातला वाद पुरेसा असतो, या म्हणण्यावर मला एवढेच उत्तर द्यायचे आहे.

आणि संसदीय पद्धतीची सबब ब्रिटनने 2010 मध्ये निकालात काढली, तिथे पक्षनेते समोरासमोर आले. 2017 मध्ये थेरेसा मे यांनी निवडणूक जाहीर केली तेव्हा त्या जवळपास 20 टक्क्यांनी पुढे होत्या. त्यांनी वादसभेला स्वतः न जाता गृहमंत्री अँबर रड यांना पाठवले. पक्ष 330 वरून 317 वर आला, बहुमत गेले. एकट्या गैरहजेरीने ते गेले असे नाही, वृद्धांच्या देखभालीच्या धोरणावरून त्यांचे हाल आधीच झाले होते. पण खुर्ची रिकामी ठेवल्याची किंमत तिथे मोजावी लागते. आपल्याकडे 2009 मध्ये अडवाणींनी मनमोहन सिंगांना आव्हान दिले, त्यांनी ते घेतले नाही, काँग्रेस 206 जागा घेऊन परतली. 2024 च्या मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि संपादक एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी दोघांना जाहीर वादासाठी पत्र लिहिले. राहुल गांधी तयार झाले, भाजपने युवा मोर्चाच्या पदाधिकाऱ्याचे नाव पुढे केले, सामना झाला नाही. पक्ष बदलले तरी वागणूक तीच राहिली, म्हणून या बाबतीत नेत्यांच्या धैर्याबद्दल चर्चा करणे मला व्यर्थ वाटते. अमेरिकेतही ट्रम्प पक्षांतर्गत लढतीत इतके पुढे होते, की 2023-24 च्या एकाही वादसभेला गेले नाहीत आणि उमेदवारी घेऊन मोकळे झाले. फुकट असलेले मौन कोणीही वापरणारच.

गावोगावच्या कबड्डीत हे आपण पाहिलेले आहे. आघाडीवरचा संघ शेवटची मिनिटे निदान रेषा कशीबशी ओलांडून परत येणाऱ्या चढाया करून काढतो. त्यावर खेळाडूंना शौर्याचे व्याख्यान कोणी दिले नाही. नियम आला, की दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद. खेळ बदलला.

राजकारणात असा नियम दिल्लीहून येण्याची वाट पाहू नये. ज्यांना त्यातून तोटा आहे तेच तो करणार, तेव्हा तो येणार नाही. पण थेट निवडीची पदे आपल्या दारात आहेत. महाराष्ट्रात सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. एकच पद, एकेक नाव, सारे गाव मतदार. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला आपल्याकडे याहून जवळचे काही नाही. इथे पुढे असलेला उमेदवार आपल्याच गल्लीत राहतो, त्याच्या नळाला पाणी किती वाजता येते हेही लोकांना माहीत असते. त्याला घराणे, जात आणि कंत्राटदार यांच्या आडोशाला लपू देणारे आपणच.

सभेची परवानगी काढावी लागेल, ती प्रचारसभेलाही लागतेच. सगळ्या उमेदवारांना लेखी निमंत्रण द्यावे, पोच घ्यावी. प्रश्न आधीच जाहीर करावेत, म्हणजे वक्तृत्वाची स्पर्धा होणार नाही: घरपट्टीची थकबाकी कोणाची, कचरा कुठे टाकणार, मागच्या खेपेला दिलेल्या शब्दांचे काय झाले. टाळ्या-शिट्ट्यांना बंदी, प्रत्येकाला समान मिनिटे, आणि उत्तर देणाऱ्याला दुसऱ्या उमेदवाराने एक उलटा प्रश्न विचारायचाच. तो उलटा प्रश्न कोणत्याही कारणाने गाळू नये. त्याच्याखेरीज ही सभा म्हणजे आणखी एक सत्कार समारंभ. जो येणार नाही त्याच्या नावाची पाटी लावून खुर्ची मांडावी, तिचा फोटो काढावा आणि मतदानाच्या दिवसापर्यंत तो गावभर फिरू द्यावा. निकाल लावायला परीक्षक नेमू नये. मालविकेच्या सभेतही कोण जिंकले ते ठरले नव्हते.

एवढ्याने पुढचा उमेदवार हरेल, असे मी म्हणत नाही. बहुधा तोच जिंकेल. पण न येण्यासाठी त्याला एक कारण सांगावे लागेल, आणि ते कारण गावात तपासले जाईल. रामटेकच्या तरुणांनी, ग्रंथालयांनी, संस्कृत विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावे. नगराध्यक्षाच्या पुढच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली, की त्याच आठवड्यात निमंत्रणे गेली पाहिजेत.