पूर्वजांचे नाव दुरुस्त करावे काय?

मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे मस्तकी घेऊनच जन्मास येतो, असे आपली परंपरा सांगते. यांपैकी पितृऋण फेडण्याचा मार्ग वरकरणी सोपा दिसतो. नाव व गोत्र उच्चारावे आणि ओंजळभर तिलोदक सोडावे. परंतु माहुली, कऱ्हाड किंवा हरिपूर येथील संगमावर बसलेल्या यजमानास गुरुजी वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावे क्रमाने विचारू लागले की तिसऱ्या नावापाशी बहुतेकांची वाणी अडखळते. मग गावाकडील वृद्ध चुलत्यास फोन होतो, घरी परतल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली जाते, तलाठी कार्यालयात खेटे घातले जातात. पुष्कळदा नाव सापडते. मात्र जे सापडते ते मनात धरलेल्या नावासारखे नसते, आणि येथेच एक प्रश्न उभा राहतो. पूर्वजाचे नाव जसे मिळाले तसेच ठेवावे, की आजच्या प्रतिष्ठेस शोभेल असे दुरुस्त करून घ्यावे?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. खानापूर तालुक्यातून मुंबईस जाऊन स्थिरावलेल्या एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी पणजोबांच्या स्मरणार्थ भक्तनिवासातील खोलीसाठी देणगी दिली. कोनशिलेचा मजकूर त्यांनी पाठविला, त्यात पणजोबांचे नाव ‘कै. धोंडिराजराव सिद्धेश्वरराव पाटील’ असे होते. देवस्थानच्या जुन्या देणगीवहीत त्याच गावच्या त्याच गृहस्थांची नोंद मिळाली, ती अशी : ‘धोंडू वल्द सिदू, जोंधळे पायली दोन, निशाणी नांगर.’ वहीचे पान दाखविल्यावर देणगीदार बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, “हे असेच कोरायचे का?”

उत्तर देण्यापूर्वी जुन्या कागदात नाव कसे उतरत असे ते समजून घेणे अगत्याचे आहे. ज्याचे नाव आहे त्याने ते स्वतः लिहिलेले नसे. कुलकर्णी किंवा कारकून ऐकून लिहीत असे. म्हणजे कागदावर दिसते ते नाव बहुधा लिहिणाऱ्याच्या कानाचे असते. एकाच माणसाचा उल्लेख ‘म्हादू’, ‘महादू’ व ‘महादेव’ असा तीन ठिकाणी तीन प्रकारे आढळतो. ‘ग्यानू’ आणि ‘ज्ञानदेव’, ‘इठू’ आणि ‘विठोबा’ यांचीही तीच कथा. त्यात लिपी मोडी. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे वाचणाराही चुकू शकतो. मोडीत झोकदार सही करणाऱ्या गृहस्थाची उतारवयातील बालबोध सही पाहिली तर ती दुसऱ्याच माणसाची वाटावी इतकी अवघडलेली असते. भरीस भर म्हणून आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल. ‘रामा वल्द धोंडू’ आणि ‘धोंडू वल्द रामा’ अशी जोडी पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येते आणि घाईने वंशावळ मांडणारा दोन पिढ्या सहज गिळून टाकतो.

धोंडू, दगडू, केरबा ही नावे आज अनेकांना ओशाळवाणी वाटतात. वास्तविक ती तुच्छतेने ठेवलेली नावे नव्हेत. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे पुढच्या मुलास दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, म्हणून मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव देत. धोंड्यासारखा टिकावा ही त्यामागील आस असे. अशा घरातील धोंडूच्या आधी एखाददुसरे तान्हे मूल गेलेले असण्याचा संभव मोठा. त्या मुलाची नोंद कोठेच नसते. बारशापूर्वी गेलेल्या बालकास नावच नसे. त्याच्या अस्तित्वाची एकमेव खूण म्हणजे पाठच्या भावाचे हे ओबडधोबड नाव. ‘धोंडू’चा ‘धोंडिराज’ केला की पणजोबांची प्रतिष्ठा वाढते की नाही हे सांगता येत नाही. त्यांच्या आईचे दुःख मात्र पुसले जाते.

‘सिदू’चेही तसेच. खरसुंडी आणि म्हसवड येथील श्रीसिद्धनाथ हे या परिसरातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत. सिदू हे त्या दैवताचे घरगुती रूप आहे, जसे बिरोबाचे बिरू, जोतिबाचे जोती. कुलदैवत कोणते याचा विसर पडलेल्या कुटुंबाला अशा एका नावावरून वाट सापडू शकते. त्याचे ‘सिद्धेश्वर’ केले की वाट भलत्याच देवळाकडे वळते.

आडनावाचा विषय आणखी गुंतागुंतीचा आहे. जुन्या व्यवहारात सामान्य माणसाची ओळख नाव, बापाचे नाव व गाव एवढ्यावर भागे. आडनाव असलेच तर कधी कुळाचे, कधी वतनाचे, कधी धंद्याचे. १७४२ मध्ये साताऱ्यास जन्मलेले नाना फडणवीस हे मूळचे भानू. फडणिशी हा त्यांचा हुद्दा, ‘नाना’ हे हाक मारण्याचे नाव. कागदोपत्री ते बाळाजी जनार्दन. आणि त्यांच्या आजोबांचेही नाव बाळाजीच होते. वाईजवळील मेणवलीस ज्यांचे दफ्तर होते त्या मुत्सद्द्याची ही स्थिती, तर दोन पायल्या जोंधळे देणाऱ्या शेतकऱ्याची काय असेल! वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे कुळाचे आडनाव पिसाळ. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून फुले झाले. अशा वेळी एक आडनाव खरे व दुसरे खोटे असे म्हणता येत नाही. दोन्ही त्या त्या काळी खरी होती.

सातारा शहरात याचे एक फार बोलके उदाहरण आजही जपून ठेवलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका विद्यार्थ्याचा प्रवेश झाला. नोंदवहीतील १९१४ या अनुक्रमांकासमोर नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, आणि तेथे त्या बालकाची स्वाक्षरीही आहे. कुळाचे आडनाव सकपाळ, मूळ गाव कोकणातील आंबडवे, शाळेत आंबेडकर. पुढे जगाला ठाऊक झाले ते नाव भीमराव. राज्य शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला. परंतु नोंदवहीतील ‘भिवा’ खोडून तेथे ‘भीमराव’ लिहावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

या उदाहरणातून एक आक्षेपही पुढे येतो, आणि तो टाळून चालणार नाही. जुनी दफ्तरे काही निर्मळ मनानेच लिहिली गेली असे नव्हे. ज्यांना समाजाने खालचे मानले, त्यांची नावे मुद्दाम तोडून, हिणवून लिहिण्याची रीत होती. ‘रामा’ला ‘राम्या’ लिहिणाऱ्याची लेखणी आंधळी नव्हती. अशा कुटुंबातील वंशजाने तो अपमान का जतन करावा? हा आक्षेप रास्त आहे. स्वतःचे नाव बदलून घेण्याचा जिवंत माणसाचा अधिकार निर्विवाद असून पुष्कळांनी तो स्वाभिमानाने बजावला. मात्र मृताच्या वतीने तो अधिकार वापरताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक नोंद, दुसरा उच्चार. तर्पणात, आरतीत किंवा घरातील तसबिरीखाली आदराचे पूर्ण नाव घेण्यास कोणाची हरकत असणार? नोंदीत मात्र ‘राम्या’ असेच उतरवावे, आणि शेजारी ते कोणत्या दफ्तरात, कोणाच्या हातचे आहे तेही लिहावे. ‘राम्या’ खोडल्याने रामाचा अपमान भरून निघत नाही. अपमान करणाऱ्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो.

निशाणीविषयीचा संकोचही असाच अनाठायी म्हणावा लागेल. नांगर ही पाटलाची व शेतकऱ्याची निशाणी. सुतार, लोहार आदी बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करीत. स्त्रीच्या नावापुढे बांगडी काढलेली आढळते. इंग्लंडमध्येही १७५४ पासून विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या सह्या घेणे सुरू झाले आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी फुल्या केल्या. तेथील वंशज त्या फुल्या आज कौतुकाने दाखवितात. अंगठ्याची प्रथा त्या मानाने अलीकडची. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तेथून बोटांच्या ठशांचा सरकारी वापर वाढत गेला. आपल्याकडील कागदांत ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द मग सर्रास दिसू लागतात. त्यानंतर एका पिढीत चित्र पालटते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून आणि १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेतून कित्येक अंगठे सह्यांत बदलले. बापाचा अंगठा आणि मुलाची वाकडीतिकडी पहिली सही एकाच खरेदीखतावर असेल तर त्या कुटुंबाला याहून मोलाचे कागद दुसरे नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत हानी सर्वांत मोठी झाली आहे. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि कागदात ‘सखू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सखू एवढेच. वंशावळीच्या वृक्षात तर अनेक घरी स्त्रियांना फांदीच नसते. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांनाही पिंड आहे, हे ध्यानी घेता हे विस्मरण अधिकच खुपते. आजीचे माहेरचे नाव सांगणारे एखादे माणूस अद्याप हयात असेल, तर ते आजच विचारून ठेवावे.

नाव मिळालेच नाही तर? येथे श्राद्धविधीची सोय लक्षात घेण्याजोगी आहे. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप गोत्र उच्चारावे; पितरांची नावे ठाऊक नसल्यास पृथ्वीवर, अंतरिक्षात व द्युलोकात वास करणारे पितर असा उल्लेख करून पिंड द्यावा. न कळणे हे पाप मानलेले नाही. कल्पनेने नाव रचावे अशी मुभा मात्र कोठेही दिलेली नाही.

आजच्या काळात हा विवेक अवघड झाला आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींच्या शोधार्थ जुनी मोडी दफ्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, आणि एका शब्दावर मुलाबाळांचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहू लागली. हक्काची नोंद शोधणे हे योग्यच. परंतु जेथे अक्षराला एवढी किंमत येते, तेथे ते बदलण्याचा मोहही येतो. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही कुटुंबाने जुन्या पानावर स्वतःची लेखणी टेकवू नये, मग हेतू कितीही शुद्ध असो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावे सापडली, तर उपाध्यायांच्या अनुमतीने पानाचे छायाचित्र घ्यावे. आपली भर नव्या नोंदीत, आपल्या सहीने आणि तारखेने घालावी.

उतारा करताना बिन, वल्द, कोम हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, शके वा फसली सन बदलू नये, निशाणीचे रेखाचित्र काढावे. सांगली जिल्ह्यातील मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे. हा जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीचे वाळवे, तासगाव, खानापूर सातारा जिल्ह्याच्या कागदांत शोधावे लागते, आटपाडी औंध संस्थानात, तर सांगली, मिरज, जत त्या त्या संस्थानांत. गावाचे नाव तेच राहिले, वरचे दफ्तर तेवढे बदलले.

खोलीच्या कोनशिलेवर शेवटी ‘धोंडू वल्द सिदू यांच्या स्मरणार्थ’ अशी ओळ कोरण्यात आली, तिच्याखाली वहीतला नांगर, आणि त्याखाली देणाऱ्या नातवंडांची आजची पूर्ण नावे. देणगीदारांनी हा मजकूर स्वतः लिहून दिला. त्यांच्या धाकट्या बंधूंना तो अद्याप पसंत नाही, तसे त्यांनी कार्यालयात लेखी कळविले आहे, आणि ते पत्रही त्याच नोंदीसोबत लावून ठेवले आहे.