बंगळुरू ते धर्मस्थळ, पायी

महाशिवरात्रीला धर्मस्थळी पोहोचण्यासाठी बंगळुरूहून दरवर्षी मोठ्या संख्येने भाविक पायी निघतात. वाट सुमारे 300 किलोमीटरची. नेलमंगल, कुणिगल, चन्नरायपट्टण, हासन, मग चार्माडी घाट उतरून नेत्रावतीचा काठ. देव मंजुनाथ म्हणजे शिव, पुजारी वैष्णव आणि कारभार जैन हेग्गडे घराण्याकडे, असे हे विरळा क्षेत्र.

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीत मुक्काम ठरलेले असतात, सामान वाहनातून पुढे जाते. धर्मस्थळाच्या वाटेवर स्वतंत्रपणे निघालेल्या लहान गटाला मात्र हे सारे स्वतःच पाहावे लागते. म्हणून पाठीवरचे ओझे जितके कमी तितके बरे.

खरी कसोटी पायांची. नवी कोरी पादत्राणे घालून निघणे सर्वांत महागात पडते. ती आधी महिनाभर वापरून मऊ केलेली हवीत. घामाने ओले झालेले मोजे घासून फोड येतात, तेव्हा मोजे वरचेवर बदलावेत. आलेला फोड सोलू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा. घाटाच्या उतारावर सारा भार गुडघ्यांवर आणि अंगठ्यांवर येतो. तिथे काठी आणि नीट कापलेली नखे फार उपयोगी ठरतात.

फेब्रुवारी-मार्चचे दुपारचे ऊन कडक, त्यामुळे चाल पहाटे आणि संध्याकाळी. अंधारात वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे आणि अंगावर चमकणारी पट्टी बांधावी. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळवे तपासावेत आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.