धूप आणि कारणविचार

न्याय-वैशेषिक दर्शनानुसार अवयवांचा संयोग, म्हणजे असमवायी कारण, नष्ट झाला की द्रव्य नष्ट होते. हा विचार मातीच्या धुपेला चपखल लागू पडतो, कारण पावसाचा थेंब कण नाहीसे करीत नाही, केवळ त्यांची जुळणी मोडतो. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि जाड वाळू वजनामुळे सहसा हलत नाही, परंतु मधला पोयटा ना चिकट ना जड, म्हणून तोच सर्वाधिक वाहतो. दख्खनची काळी माती चिकण खरी, पण भिजून फुगली की तिच्या भेगा मिटतात, पाणी मुरेनासे होते आणि उतारावर तीही वाहते. येथे पाऊस निमित्तकारण, म्हणजे बदल घडवणारे बाहेरचे कारण. मात्र कणांना बांधणारा कुजलेला सेंद्रिय अंश घटवणाऱ्या माणसाला त्याच कोटीत बसवणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही, कारण निवड पावसाला नसते.