कुंपणाआडची शाळा



आज कानात सांगितलेली गोष्ट उद्या घराच्या छपरावरून गाजेल, असे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले. आयर्लंडच्या कॅथलिक लोकांनी हे शाळेच्या बाबतीत अनुभवले.

1695 साली तेथे कायदा झाला. कॅथलिक माणसाने उघडपणे शाळा चालवली तर 20 पौंड दंड आणि 3 महिने तुरुंग! मग मास्तर शेताच्या कुंपणाआड मुले जमवू लागले. एक पोरगा पहाऱ्यावर. पावसात एखाद्याचा गोठा. फी कोणी पैशात देई, कोणी लोणी, कोणी जळण. ज्या घरात मुलांनाच पुरेसे खायला नाही तेथून मास्तरांकडे गेलेले ते लोणी! आपण मोबाईलच्या रिचार्जला मागेपुढे पाहत नाही, वहीला मात्र पाहतो.

कॉर्क शहरात नॅनो नेगल या बाईने 1750 नंतर गरीब मुलांसाठी गुपचूप शाळा सुरू केली. घरच्यांनाही पत्ता नव्हता. एके दिवशी एक गरीब माणूस तिच्या भावाकडे आला आणि म्हणाला, माझ्या मुलीला तुमच्या बहिणीच्या शाळेत घ्या. भाऊ भयंकर संतापला, कारण शिक्षा साऱ्या घराला भोवली असती. पण लवकरच तो निवळला. 1775 मध्ये तिने स्थापलेल्या संघाच्या, म्हणजे प्रेझेंटेशनच्या, सिस्टर्स 1842 मध्ये मद्रासला आल्या.

आपल्याकडे कायद्याची बंदी नव्हती, लोकांच्या बोलण्याचा धाक होता. लोकांचे ऐकून गोविंदराव फुल्यांनी जोतीला शाळेतून काढले आणि शेतावर लावले. जोती दिवसा काम करी, रात्री दिव्यापाशी वाची. हे शेजारच्या गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी पाहिले, बापाला समजावले, आणि 1841 मध्ये तो पुन्हा शाळेत गेला. त्यानेच पुढे सावित्रीला शिकवले आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. शेजारी गप्प बसले असते तर?

आता 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्कच दिला आहे. पहारा ठेवण्याची गरज नाही. तरीही रोवणी लागली की बिरसीत शाळेत कोण दिसत नाही? बहुधा मुलगीच. आई बांधीत, ती घरी धाकट्याला सांभाळत. अशा बापाला "हा तुमच्या घरचा प्रश्न" म्हणून आपण सोडून देतो.

ज्यांना संध्याकाळी तासभर शेजारच्या मुलांना अभ्यासाला बसवता येईल, त्यांनी आज मिस्सानंतर थांबावे. ओसरी आणि दिवा पुरे.