मायेचा दाखला

मायेला सरकारी दाखल्याची आवश्यकता असावी काय, हा प्रश्न वरकरणी हास्यास्पद वाटतो. परंतु अमेरिकेत नोकरीनिमित्त एकट्या राहणाऱ्या आमच्या पुतणीने गतवर्षी तो आमच्यापुढे ठेवला. तिच्या इमारतीत प्राणी पाळण्यास मनाई. आणि तिचा जीव एका मांजरीत गुंतलेला. "काका, मला या मांजरीचा मानसिक आधार आहे, असं पत्र पैसे भरले की घरबसल्या मिळतं. घेऊ का?" असे तिने दूरध्वनीवर विचारले.

हयातभर दाखले देण्या-नाकारण्याचेच काम केलेल्या आम्हांस उत्तर चटकन सुचले नाही.

तेथे घरे देताना होणारा भेदभाव रोखणारा कायदा १९६८ साली झाला. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात अपंगत्वाचा अंतर्भाव झाला आणि अपंग भाडेकरूस वाजवी सवलत नाकारणे हाही भेदभाव ठरला. याच आधारे मानसिक व्याधीने ग्रस्त अशा अनेकांना, प्राणिबंदी असलेल्या घरांतही, मांजर बाळगता आले. विमानप्रवासात मात्र अशा प्राण्यांच्या नावाखाली गैरप्रकार वाढल्याच्या तक्रारी आल्या, आणि जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी विमान कंपन्यांना त्या बंधनातून मोकळे केले. ज्यांची गरज खरी होती, त्यांचीही वाट त्यासरशी बंद झाली.

खोट्या दाखल्याने कोणाचे काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, तिला कोणी पाहत नाही असे वाटते; पण फटका बसतो तो पाठीमागून येणाऱ्याला. आमच्याच मेजावर एका वृद्धेचा खरा अर्ज, आधी आलेल्या खोट्या अर्जांमुळे संशयाने, तीन महिने पडून राहिला होता. ते शल्य आजही जात नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. आमच्या जुन्या वाड्यातील मांजर उंदरांसाठी आली आणि आजीच्या पदराशी राहिली. तिच्या वास्तव्याचे प्रयोजन कोणी विचारले नाही. एकाकीपण हे व्याधीचे नाव धारण करील तेव्हाच ऐकून घेणारा नियम माणसास स्वतःला रोगी म्हणवून घेण्यास शिकवतो. मग दोष केवळ खोटे बोलणाऱ्याचा म्हणावा काय? आमच्या मते, नियमाच्या कठोरपणामुळे असत्य समजण्याजोगे होते, क्षम्यही होते. योग्य मात्र होत नाही. कारण त्याची किंमत नियम करणारा देत नाही, दुसरा दुःखी माणूस देतो.

हे सारे आम्ही पुतणीस सविस्तर सांगितले. व्याधी असेल तर डॉक्टरांस समक्ष भेटावे, त्यात लाज कसली. नसेल तर मालकास सरळ विनंती करावी, अथवा दुसरे घर पाहावे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "काका, मला खरंच कित्येक महिने झोप नाही."

दाखल्याची शहानिशा करण्याच्या भरात मुलीची विचारपूस करावयाचे आम्ही विसरलो होतो. ती पुढे डॉक्टरांकडे गेली. रीतसर पत्र मिळाले, मांजर घरी आली. आम्ही मात्र आता दर रविवारी तिला स्वतः दूरध्वनी करतो. त्यासाठी कोणाचा दाखला लागत नाही.